पान उलटण्यापुरती जागा

४ जानेवारी

संपादन विभागास,

सप्रेम नमस्कार. तुमचं सूचनापत्रक मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा समजून घ्यायला, दुसऱ्यांदा त्यात चूक काढायला आणि तिसऱ्यांदा ती सापडली नाही म्हणून.

सोबत सहा रचना पाठवत आहे. कागदाच्या एकाच बाजूला लिहावं ही तुमची सूचना मला पाळता आलेली नाही. या रचना एका पियानोवर दोघांनी मिळून वाजवायच्या आहेत. डावीकडे बसणाऱ्याचा खालच्या सुरांचा भाग डाव्या पानावर, उजवीकडे बसणाऱ्याचा वरच्या सुरांचा भाग उजव्या पानावर. पान उलटलं की दोघांचं एकदमच उलटतं. म्हणून वहीसारखं दोन्ही बाजूंना लिहिलं आहे.

आपली माहिती थोडक्यात द्या असं तुम्ही म्हणता. मी संगीतकार नाही. जन्मभर लोकांचे पियानो सुरात लावून दिले. लोकांच्या घरी जायचं, पेटी उघडायची, तारा ताणायच्या, शेवटी दोन ओळी वाजवून दाखवायच्या, चहा घ्यायचा आणि निघायचं. मी गेल्यावर ते लोक त्यावर काय वाजवतात ते मला कधी ऐकायला मिळालं नाही. आता हात थकलेत, घरोघरी जाणं बंद केलं आहे.

घरी मी आणि माझी थोरली बहीण. खालचा भाग ती वाजवते, वरचा मी. लहानपणापासून हे असंच आहे, कारण डावीकडे खिडकी आहे आणि खिडकीची जागा तिने आधी पटकावली होती. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला आम्ही बसतो.

माझी अपेक्षा फार नाही. हे पुस्तक छापून निघालं तर कुठल्या तरी घरात दोन माणसं एका बाकावर शेजारी शेजारी बसतील. ती बसावीत, एवढंच मला हवं आहे.

आपला,
एक निवृत्त पियानो ट्यूनर


१९ फेब्रुवारी

आदरणीय महोदय,

उत्तराला उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व. आमच्याकडे कोणतीही रचना वाजवून पाहिल्याशिवाय छापत नाहीत. पूर्वी या खोलीत आम्ही दोघं तपासनीस होतो. दुसरे निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली गेली नाही. त्यामुळे तुमच्या रचनांचा खालचा भाग मी एका आठवड्यात वाजवला, वरचा पुढच्या, आणि दोन्ही मनात एकत्र करायचा प्रयत्न केला. जमलं तेवढं जमलं.

रचना मला आवडल्या. मी सहसा असं लिहीत नाही.

पण एक अडचण आहे. ठरावीक अंतराने खालचा भाग चार मात्रांसाठी एकदम थांबतो. दोन्ही हात रिकामे. वरच्या भागात तेव्हा फक्त एक सूर धरून ठेवलेला असतो. चालता चालता पायाखालची फळी निघावी तसं होतं. सहाही रचनांत हे सारखं येतं, म्हणजे लिहिताना राहून गेलेलं नसावं. आधी मला कारण कळेना. मग लक्षात आलं की ही जागा दर वेळी तुमच्या पानाच्या शेवटी येते. पण तुमचा कागद हाताने आखलेला आहे आणि रेघा खूप ऐसपैस आहेत. आमच्या छपाईत तुमची दोन पानं एका पानात बसतील, आणि ही पोकळी भर पानाच्या मधोमध येईल. मालकांचं म्हणणं, ती भरून द्यावी, नाहीतर रचना घेता येणार नाहीत. एप्रिलअखेरपर्यंत निर्णय व्हायला हवा.

दुसरं म्हणजे, खालच्या भागावर बोटांचे आकडे नाहीत. तो भाग तुमच्या ताई वाजवतात, तर त्यांनीच ते घालून दिले तर उत्तम.

आपली,
तपासनीस, हस्तलिखित विभाग


२ मार्च

तपासनीस बाईंना नमस्कार.

ती पोकळी नाही. तिथे ताई पान उलटते.

आमच्याकडे पान उलटायचं काम खालच्या भागाकडे. मी लहान होतो, माझा हात पुरायचा नाही, म्हणून ते तिच्याकडे गेलं आणि तिच्याकडेच राहिलं. बाजारातल्या छापील पुस्तकांतून वाजवताना तिची नेहमी तारांबळ उडायची, कारण लिहिणाऱ्याला पान कुठे संपतं त्याची पर्वा नसते. तिचा एक हात पानावर गेला की खालचे सूर लंगडे व्हायचे. मग मी स्वतः लिहायला लागलो तेव्हा तिच्यासाठी जागा ठेवली. ती पान उलटते, बसल्या जागी नीट होते, हात पुन्हा ठेवते. तोवर मी माझा सूर धरून थांबतो. यात न कळण्यासारखं काय आहे?

तुमच्या मालकांना सांगा की पुस्तक माझ्या कागदाप्रमाणे छापा. जिथे माझं पान संपतं तिथे त्यांचं संपवा. खाली कोरी जागा उरली तर उरू द्या, कोरा कागद कुणाला चावत नाही.

बोटांच्या आकड्यांचं ताईला विचारलं. ती म्हणाली, ज्याची बोटं त्याने पाहावं. तिला असल्या गोष्टींचा कंटाळा आहे. परवा तिसरी रचना वाजवताना मी मधेच चुकलो तर ती इतकी हसली की आम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. अशा बाईकडून आकडे काढून घेणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

आपला,
ट्यूनर


१४ मार्च

आदरणीय ताई,

तुमची माझी ओळख नाही. तुमच्या भावाच्या रचना तपासणारी मी. त्यांना न विचारता तुमच्या नावाने हे पत्र तुमच्या घरी पाठवते आहे, त्याचा राग मानू नका.

पानाच्या शेवटी तुमच्यासाठी ठेवलेली जागा भरायला ते तयार नाहीत. मालक त्यांच्या कागदाप्रमाणे छापायला तयार नाहीत. मी दोघांच्या मधे उभी आहे. रचना खरंच चांगल्या आहेत आणि मला त्या परत पाठवायच्या नाहीत. तुम्ही त्यांना समजावलंत तर ते ऐकतील असं त्यांच्या पत्रावरून वाटतं. परवा तिसऱ्या रचनेत ते चुकले तेव्हा तुम्ही फार हसलात असं त्यांनी लिहिलं आहे. ते वाचून मला इथे एकटीला हसू आलं.

जमल्यास खालच्या भागाचे बोटांचे आकडेही द्यावेत.

आपली,
तपासनीस


२९ मार्च

तपासनीस बाई,

तुमचं पत्र उशिरा मिळालं. ते आधी जुन्या घरी गेलं आणि पोस्टाने नवा पत्ता घालून इकडे पाठवलं. निघताना मी पोस्टात तसा अर्ज दिला होता. बारक्याला, म्हणजे तुमच्या ट्यूनरसाहेबांना, ते ठाऊक नसणार. पोस्टाच्या भानगडी आमच्या घरात कायम माझ्याकडे असायच्या.

परवा मी हसले असेनही, पण त्या घरात नाही. मला तिथून येऊन दोन वर्षं झाली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी लग्न केलं. अख्खी गल्ली हसली, तुम्हीही हसून घ्या. यजमान घड्याळं दुरुस्त करतात. जुन्या घरी ठोका धरून देणारं एक लाकडी यंत्र आहे, मेट्रोनोम. तो बिघडला म्हणून बारक्यानेच त्यांना घरी बोलावून आणलं. पुढचं त्याने कधी मनात आणलं नव्हतं. मी निघाले तेव्हा तो पियानो उघडून तारा पुसत बसला होता आणि तसाच बसून राहिला. दर महिन्याला मी त्याला पत्र टाकते. अजून एकाचंही उत्तर नाही. त्याचा रुसवा लहानपणापासून टिकाऊ आहे.

तो दोघांसाठी लिहितोय हे मला तुमच्या पत्रातून कळलं. मी पत्र हातात घेऊन बराच वेळ दारातच उभी राहिले. यजमानांनी विचारलं, वाईट बातमी आहे का? मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.

एक विचारते. त्याचं अक्षर कसं आहे? हात थरथरतो का? जेवतो की नाही हे तुम्हाला अक्षरावरून कळणार नाही, पण मला थोडंफार कळलं असतं.

आणि खालचा भाग मला पाहायला मिळेल का? तो माझाच आहे असं तुम्ही म्हणता.

ताई


६ एप्रिल

आदरणीय ताई,

हस्तलिखिताची प्रत बाहेर द्यायची नाही असा आमचा नियम आहे. खालच्या भागाच्या प्रती सोबत आहेत.

तुमच्या भावाचं अक्षर ठाम आहे. शेवटच्या दोन रचनांत स्वरांचे गोळे थोडे मोठे झालेत, डोळ्यांमुळे असेल. थरथर दिसत नाही. खाडाखोड कमी आहे. वरच्या भागात त्यांनी बोटांचे आकडे काळजीपूर्वक घातलेत. खालच्या भागात कुठे कुठे आकडा लिहून पुसल्याच्या खुणा आहेत. ते मूळ कागदावरच दिसेल, प्रतीत नाही.

कागद हाताने आखलेला आहे हे मी त्यांना लिहिलं होतं. तो तुम्ही आखलेला आहे का?

जेवतात की नाही ते खरंच सांगता येत नाही.

आपली,
तपासनीस


२१ एप्रिल

बारक्या,

हे पत्र फाडणार असशील तर आधी सोबतचे कागद बाजूला काढून ठेव. ते तुझ्या पुस्तकाचे आहेत.

तपासनीस बाईंचं पत्र पोस्टाने माझ्याकडे आलं. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांना वाटलं मी तुझ्या शेजारी बसलेय. तूच तसं लिहिलंस.

खालचा भाग मी पाहिला. कागद माझाच आहे हे लगेच ओळखलं. निघताना गठ्ठा आखून ठेवला होता, तो तू असा वापरशील असं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं चुलीत घालशील. आमच्या गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे, त्याच्या सभागृहात एक जुना पियानो आहे. रविवारी दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. सहाही रचनांचा खालचा भाग वाजवला. तू खूप पुढे गेला आहेस. दुसरीत तर मला तुझा भाग ऐकू आल्यासारखा झाला आणि मी उजवीकडे पाहिलं. बाकावर माझी पिशवी होती.

प्रत्येक पानाच्या शेवटी तू माझ्यासाठी जागा ठेवलीस. ते पाहून मी घरी येऊन नळ सोडून रडले, म्हणजे घरात कुणाला ऐकू जाऊ नये. मग तोंड धुतलं, पुन्हा वाचलं, आणि तुझा राग आला. तू वर सूर धरून ऐटीत थांबलायस आणि मी पान उलटतेय. अरे, मी तिथे नाही. दोन वर्षं नाही. तरी तुझ्या मनात मी पानच उलटतेय. इतक्या वर्षांत तुला एकदाही वाटलं नाही का, की या चार मात्रांत ताईलाही काही वाजवावंसं वाटत असेल?

मला वाटायचं. पान उलटताना मी रोज मनात काहीतरी वाजवायचे. कधी तुझ्या सुराच्या खालून जायचे, कधी त्याच्या विरुद्ध. तुला ऐकू यायचं कारण नव्हतं. ते मी आता लिहून काढलंय. सगळ्या रचनांतल्या सगळ्या रिकाम्या जागा भरल्यात. बोटांचे आकडेही घातलेत. तुला आवडलं नाही तर फेकून दे, पण वाजवून मग फेक.

मी तुला टाकून आले असं तू धरून बसलायस. मला कुणीतरी विचारलं, तुम्हाला काय हवं, आणि मी उत्तर दिलं. एवढंच घडलं. इथे मी रोज सुखात असते असंही नाही. यजमान चांगले आहेत, पण घरात सगळीकडे टिकटिक आणि त्यातली कुठलीच दुसरीला जुळत नाही. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी मला अजून हात कुठे ठेवावे कळत नाही.

उत्तर दे. कमीत कमी शिव्या तरी दे.

तुझी,
ताई


३० एप्रिल

तपासनीस बाई,

माझ्या घरच्या माणसांशी तुम्ही परस्पर पत्रव्यवहार केलात. तुमच्या सूचनापत्रकात असं कुठेही म्हटलेलं नाही. आता त्यात चूक सापडली.

हस्तलिखित परत पाठवावं.

ट्यूनर


२६ मे

तपासनीस बाईंना सप्रेम नमस्कार.

हस्तलिखित अजून परत आलं नाही. म्हणजे एक तर तुमचं पोस्ट ढिलं आहे किंवा तुम्ही माझ्यापेक्षा शहाण्या आहात. दुसरं असेल तर मागचं पत्र रद्द समजा. एप्रिल उलटून गेला हे मला माहीत आहे. मालकांना काय सांगायचं ते तुम्ही पाहा.

सोबत ताईचे कागद आहेत. रिकाम्या जागी तिने जे लिहिलंय ते जसंच्या तसं घाला. पाचव्या रचनेतला तिचा एक सूर माझ्या मते चुकीचा आहे. तोही बदलू नका. वर मी धरून ठेवलेला सूर तसाच राहू द्या. मुखपृष्ठावर दोघांची नावं घाला, तिचं आधी.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की संध्याकाळी आम्ही बसतो. बसतो मी. बाक दोघांचा आहे, तेवढंच त्यातलं खरं. ती तिसऱ्या रचनेत हसली तेही खोटं, ती हसायची ते दुसऱ्या एका जुन्या रचनेत. या सहापैकी एकही मी पूर्ण ऐकलेली नाही. मला फक्त वरचा भाग माहीत आहे. खालचा मी कागदावर पाहिला आहे. तारा ताणून देऊन मी निघून येतो, तसंच काहीसं हे झालं. फरक इतकाच की या वेळी मी स्वतःच्याच घरात आहे.

ताईचे कागद आल्यावर पंधरा-वीस दिवस मी पियानोचं झाकण उघडलं नाही. तिचं म्हणणं खरं आहे का ते मला ठरवायचं होतं. खरं आहे. मला वाटत होतं की मी तिच्यासाठी थांबतो. ती माझ्यासाठी थांबत होती.

आखलेला कागद आता संपला आहे. त्यामुळे तुम्हाला पुढे माझा त्रास नाही.

आपला,
ट्यूनर


१८ ऑगस्ट

आदरणीय महोदय,

मालकांनी पुस्तक घेतलं. मी त्यांना सांगितलं की पोस्टात उशीर झाला. हे मी पहिल्यांदाच केलं आणि मला फार जड गेलं नाही.

छापण्याआधी रचना शेवटची वाजवून पाहायची असते. या वेळी मी माझ्या निवृत्त सहकाऱ्यांना निरोप पाठवला. ते आले. आता त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून त्यांना डावीकडे बसवलं आणि मी उजवीकडे बसले. सहाही रचना आम्ही ओळीने वाजवल्या.

तुम्ही पूर्ण ऐकलेल्या नाहीत म्हणालात, म्हणून सांगायचा प्रयत्न करते. तुमचा भाग एकटा वाजवला की तो थोडा फुशारकी मारतो. माफ करा. खालचा एकटा वाजवला की उदास वाटतो. दोन्ही एकत्र आले की असं वाटतं, एक माणूस काहीतरी सांगतोय आणि दुसऱ्याला ते आधीच माहीत आहे, तरी तो ऐकून घेतोय. आणि त्या चार मात्रांमध्ये ऐकून घेणारा बोलतो. पहिल्यांदा ती जागा आली तेव्हा माझे सहकारी वाजवता वाजवता म्हणाले, "अरे, हे कोण आलं?" पाचव्या रचनेतला तो सूर चुकीचा नाही. पुन्हा ऐका. म्हणजे, ऐकता आला तर.

ते गेल्यानंतर मी बाकावर उजव्या टोकालाच बसून राहिले. मधे सरकावंसं वाटलं नाही. खोली नेहमीचीच होती, चारी बाजूंना हस्तलिखितांचे गठ्ठे. इतकी वर्षं मी इथे एकटी काम करते आणि मला वाटत होतं की मला त्याची सवय झाली आहे.

पुस्तकाच्या प्रती पुढच्या महिन्यात तुम्हाला आणि ताईंना वेगवेगळ्या पाठवते. कोरा आखलेला कागद हवा असल्यास आमच्याकडे मिळतो. रेघा मात्र जवळ जवळ असतात.

आपली,
तपासनीस


२५ सप्टेंबर

बारक्या,

पुस्तक आलं. तू मुखपृष्ठावर माझं नाव आधी घातलंस. पत्राला मात्र उत्तर दिलं नाहीस. हेच उत्तर समजू का? समजते.

यजमानांनी पुस्तक दुकानात काउंटरवर मांडून ठेवलंय. घड्याळ दुरुस्तीला आलेल्या प्रत्येकाला दाखवतात. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही.

आता ऐक. येत्या तीन तारखेला, रविवारी, दुपारी बरोबर चार वाजता मी वाचनालयात पियानोपाशी बसणार आहे. तू तुझ्या पियानोपाशी बस. पहिली रचना, तू वर, मी खाली. वेग तुला माहीत आहे, मेट्रोनोमची गरज नाही. तुझं घड्याळ नेहमी पुढे असतं, ते आधी लाव. एकमेकांचं काही ऐकू येणार नाही, हे मलाही कळतं. तरी बस.

ताई


४ ऑक्टोबर, सोमवार

ताई,

घड्याळ लावलं. रेडिओवरच्या चारच्या ठोक्यावर लावलं, म्हणजे तुझ्या घरच्या माणसाला नाव ठेवायला जागा नको.

बाकावर उजवीकडे बसलो. डाव्या बाजूला दोन वर्षं मी वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवत होतो, तो उचलून जमिनीवर ठेवला. खिडकी उघडली. चार वाजले आणि सुरुवात केली. तूही केलीस हे धरून चाललो.

पहिल्या चार मात्रा आल्या. जुन्या पानाचा शेवट जिथे होता तिथे. मी सूर धरून थांबलो. पूर्वी इथे कागदाचा आवाज यायचा, तुझी बाही किंचित माझ्या मनगटाला लागायची. काल काहीच आलं नाही. पण तिथे तू वाजवत होतीस. तुझे सूर मला कागदावरून पाठ आहेत. माझा डावा हात मोकळा होता, सहज पुरला असता, ते मी वाजवून ऐकू शकलो असतो. नाही वाजवले. ते तुझे आहेत. बाईंच्या सहकाऱ्यांनी ते ऐकलेत, बाईंनी ऐकलेत, सगळ्या जगाने ऐकले तरी चालेल, मी तुझ्याकडूनच ऐकेन, नाहीतर नाही.

एक घोटाळा झाला. सवयीने मी त्या जागी जरुरीपेक्षा जास्त थांबत गेलो. तू हात नीट ठेवेपर्यंत थांबायचो तितका. आता तुला हात ठेवायचे नसतात, ते तिथेच असतात, हे डोक्याला कळतं पण बोटांना नाही. शिवाय छापील पुस्तकात पान भलत्याच ठिकाणी उलटतं. ते मलाच उलटायला लागलं, आणि त्यात माझा अर्धा सूर पडला. तू हे सगळं इतकी वर्षं कसं करत होतीस?

म्हणजे तू माझ्या बरंच आधी संपवलं असणार. शेवटची ओळ मी एकट्यानेच वाजवली. ती वाजवताना एकच विचार मनात होता, तो तुला विचारतो. तुझं संपल्यावर तू उठलीस का?

मी जेवतो. बाईंना तू विचारलं होतंस, त्यांनी मला कळवलं.

भाऊजींना नमस्कार.

बारक्या


९ ऑक्टोबर

बारक्या,

उठले नव्हते. हात मांडीवर घेऊन बसले होते, तुझी शेवटची ओळ संपायला किती वेळ लागेल त्याचा अंदाज घेत. ती संपली असं वाटल्यावर अजून थोडं बसले.

तुझा नमस्कार पोचवला. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेऊन ती ओळ स्वतः वाचली.

इथला पियानो उतरलेला आहे. खालचे सूर कसेबसे चालतात. वरचा भाग इथे कुणी वाजवत नाही, त्यामुळे तो किती उतरलाय ते मला सांगता येणार नाही. तुझी हत्यारांची पेटी घेऊन ये.

ताई